मामा तलावासाठी सहाचाकी पाणगाडी : निवड, दुरुस्ती आणि पहिला हंगाम

जागा : नागपूर जिल्हा, कुही तालुका, एक माजी मालगुजारी (मामा) तलाव. भरला की साधारण २२ हेक्टर, ऑक्टोबरात तुडुमापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, साडेतीन मीटर पाणी. काम : मत्स्यखाद्याच्या गोण्या आणि जाळी नेणं-आणणं, बेशरमची झुडपं तोडून ओढून काढणं, हिवाळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांना काठाकाठानं फेरी. तरतूद : सहा लाख, सगळं धरून.

९ नोव्हेंबर २०२४

गाडी बघायच्या आधी वजन मांडलं. चालक ७५, मदतनीस ६५, पस्तीस किलोच्या दोन गोण्या ७०, अवजारं आणि जाळं २०. एकूण २३० किलो. या गाड्यांच्या माहितीपत्रकात वजनाचे दोन आकडे असतात, एक जमिनीवरचा आणि एक पाण्यातला. पाण्यातला कमी असतो आणि चालकही त्यातच मोजलेला असतो. निवड करायची ती पाण्यातल्या आकड्यावर.

वेगाबद्दल सुरुवातीलाच समजून घ्यावं. पाण्यात वेगळा पंखा नसतो, टायरची नक्षीच वल्ह्यासारखी पाणी ढकलते. ताशी चार-पाच किलोमीटर, बस. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून नागपुरात नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हापासून बरेच जण विचारतात की अशी गाडी पुरात चालेल का. ताशी चार किलोमीटर म्हणजे सेकंदाला एक मीटरच्या थोडं वर. वाहतं पाणी त्याहून जोरात असतं, गाडी वाहून जाईल. साचलेल्या पाण्यात चालेल, वाहत्या पाण्यात न्यायची नाही. आम्ही हे फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

१७ नोव्हेंबर

चार पर्याय पाहिले.

साधी चारचाकी एटीव्ही आणि जोडीला डोंगा : सगळ्यांत स्वस्त, आणि फक्त खाद्य टाकायचं असेल तर तेवढ्यानं भागतं. पण बेशरमच्या पट्ट्यात गुडघाभर पाणी आणि चिखल एकत्र असतो. तिथे डोंगा टेकतो आणि एटीव्ही रुतते.

मोठ्या फुगीर टायरची चारचाकी, म्हणजे शेर्प किंवा आपल्या लष्कराकडे आलेली एटॉर एन१२०० या जातीची : १२०० किलो वाहते. आमच्या पाळीवरचा, म्हणजे तलावाच्या बांधावरचा, रस्ता तिला पुरणार नाही आणि किंमत तरतुदीच्या कितीतरी पलीकडे.

आठचाकी : लांबी जास्त, त्यामुळे काठ चढताना पुढची चाकं जमिनीला लागेपर्यंत मागची बाजू पाण्यावर टिकून राहते. वजन आणि किंमत दोन्ही जास्त. जिल्ह्यात जुनी मिळाली नाही.

सहाचाकी : कॅनडाची आर्गो १९६७ पासून ज्या घडणीची गाडी बनवते तीच घडण. खाली प्लास्टिकचा एकसंध टब, आत इंजिन, पट्ट्यावरचा गिअर, एका बाजूची तिन्ही चाकं चेननं एकमेकांना बांधलेली. चाकं वळत नाहीत. एका बाजूला ब्रेक लावला की गाडी त्या बाजूला फिरते.

परदेशातून वापरलेली गाडी मागवायचा विचार त्याच दिवशी सोडला. जुन्या वाहनाच्या आयातीला वयाची, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची आणि चाचणी प्रमाणपत्राची अट आहे. जिल्ह्यातल्याच एका बंद पडलेल्या रिसॉर्टमध्ये एक सहाचाकी उभी होती, हवेवर थंड होणारं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. सांगितलेली किंमत ५,२५,०००.

अशा गाडीची आरटीओत नोंदणी होत नाही, म्हणून सार्वजनिक रस्त्यावर ती चालवता येत नाही. तलावापर्यंत ट्रॉलीवरच न्यावी लागते. ट्रॉली आम्ही खर्चात धरलीच नव्हती. पुढे ६८,००० तिथे गेले.

२४ नोव्हेंबर

तपासणी, चार तास. हा वेळ वाचवू नका.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून सहाही चाकं अधांतरी केली. प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवलं. तीन चाकांत खेळ होता, उजवं मधलं तर हातात खडखडत होतं. बाहेरच्या बेअरिंगचं ग्रीस बोटावर घेतलं तर पांढरट, ताकासारखं. म्हणजे पाणी आत गेलेलं.

मग निचऱ्याची बुचं लावून टबमध्ये आतूनच पाणी भरलं, अ‍ॅक्सलच्या खाली दोन बोटं राहील इतकं, आणि बाहेरून खडू घेऊन बसलो. दहा मिनिटांत डाव्या पुढच्या चाकामागे एक ओली रेघ उमटली. जवळून पाहिलं तर अकरा सेंटिमीटरची तडा, रंगाच्या ओरखड्यासारखी दिसणारी. कोरड्या गाडीवर ती कुणालाही दिसली नसती.

वळण्याचे ब्रेकही अधांतरीच तपासायचे. इंजिन सावकाश, गिअर खालचा, डावी लिव्हर ओढली की डावी चाकं पूर्ण थांबायला हवीत आणि उजव्यांचा वेग दुप्पट व्हायला हवा. आमची डावी चाकं सरपटत फिरत राहिली. पॅड संपत आले होते, पण समायोजनात काम भागलं.

इंजिन ऑइल स्वच्छ, दुधाळ नव्हतं. तास मोजणारं मीटर बंद. ते बंद असेल तर विक्रेता सांगतो ते तास मोजायचेच नाहीत, चेन आणि दात बघून अंदाज करायचा. तडा, बेअरिंग आणि चेन दाखवून ४,४०,००० वर व्यवहार ठरला.

१ डिसेंबर

ताबा घ्यायच्या आधी पाण्यात चाचणी. रिसॉर्टच्याच सिमेंटच्या उतारावरून उतरवली, वीस मिनिटं फिरवली, त्याच उतारावरून वर आणली. टबमध्ये सहा लिटर पाणी आलं होतं, तेवढं त्या तडेतून अपेक्षितच होतं. सगळे खूश.

या सगळ्या कामातली मोठी चूक इथे झाली. चाचणी आमच्या तलावात, आमच्या काठावर घ्यायला हवी होती. काठावर बसलेले एक ढिवर (मासेमार) काका म्हणाले होते, “उतराले काय लागते भाऊ, चढाचं पाहा.” त्यांचं म्हणणं एप्रिलमध्ये कळलं.

टेम्पोनं तलावावर आणली, ६,५००.

१४ डिसेंबर

टबची तडा. पहिला प्रयत्न वाया गेला. इपॉक्सी पुट्टी लावली, दोन दिवस वाळवली, बोटानं दाबली तर कडेनं पापुद्र्यासारखी सुटून आली. टब एचडीपीईचा असतो आणि त्या प्लास्टिकला इपॉक्सी, फायबरचा लेप, सायकलचं सोल्युशन यातलं काहीच धरत नाही. ते वितळवूनच जोडावं लागतं.

पाणीपुरवठ्याचे काळे पाइप जोडणारा कारागीर हिंगण्याहून बोलावला. त्याच्याकडे गरम हवेची गन आणि एचडीपीईची काडी असते. पाण्याच्या टाकीचा तुकडा कापून काडी करायची नाही, त्या टाक्यांचं पॉलिथिलीन वेगळ्या प्रतीचं असतं आणि जोड कच्चा राहतो. काम असं झालं :

तडेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, नाहीतर जोडल्यावर तडा पुढे सरकते. मग तडेच्या रेषेवर व्ही आकाराची खाच, जाडीच्या अर्ध्यापर्यंत. वरचा उन्हानं मेलेला थर पत्तीनं खरवडून चकचकीत प्लास्टिक लागेपर्यंत काढला. सँडपेपर नको, त्याची धूळ जोडात अडकते. काडीचा एक तुकडा आधी कडेला चिकटवून, थंड झाल्यावर ओढून पाहिला. सुटला नाही, म्हणजे प्लास्टिक जुळतं. हवा २८० अंशांच्या आसपास ठेवून तीन फेऱ्यांत खाच भरली. आतून दोन बोटं रुंद पट्टी जोडली. थंड होऊ दिलं आपोआप, पाणी मारलं नाही.

मजुरी आणि काडी मिळून ३,८००. पुन्हा आतून पाणी भरून रात्रभर ठेवलं. कोरडं.

२८ डिसेंबर

बेअरिंगमध्ये चार दिवस वाया गेले. जुन्या बेअरिंगवरचा नंबर लिहून घाट रोडवरच्या दुकानातून सहा बाहेरची आणि दोन आतली आणली. नंबर बरोबर, माप बरोबर, पण शेवटची अक्षरं आम्ही लिहिलीच नव्हती. मिळाली ती झेडझेड, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची चकती. पत्रा धूळ अडवतो, पाणी नाही. हवी होती २आरएस, रबरी सीलची. चार बसवून झाल्यावर लक्षात आलं, सगळी पुन्हा काढली. ठोकून काढलेलं बेअरिंग परत वापरू नये, त्यामुळे ती चार गेलीच.

ग्रीस साधं चेसिसचं नको, पाण्यात न धुतलं जाणारं मरीन ग्रीस घ्या. सीलच्या ओठाला आतून बोटानं ग्रीस लावूनच अ‍ॅक्सल घालायचा. कोरडा ओठ पहिल्याच फेरीत दुमडतो. बेअरिंग, सील, वाया गेलेली चार, सगळं मिळून ११,४००.

९ जानेवारी २०२५

चेन. पन्नास नंबरच्या चेनला दोन पिनांमधलं अंतर १५.८७५ मिलिमीटर, म्हणजे बारा कड्या ताणून मोजल्या तर १९०.५. आमच्या चार चेन १९५ च्या पुढे गेल्या होत्या, अडीच टक्के वाढ. चेन ताणून धरणारे टेन्शनर शेवटच्या खाचेत होते. चारही बदलल्या, ७,९००. दात अजून आकड्यासारखे वाकलेले नव्हते म्हणून स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, तीच ठेवली. वाकलेल्या दातांवर नवी चेन घालणं म्हणजे पैसे पाण्यात. जोडकडीची क्लिप लावताना तिचं बंद टोक पुढे चालण्याच्या दिशेला.

टायर हा इथे चेनचाच भाग समजा. एका बाजूची तिन्ही चाकं चेननं बांधलेली, म्हणून तिघांचे फेरे सारखेच होतात. एकाचा घेर लहान असेल तर ते चाक जमिनीवर घासत राहतं आणि तो ताण चेन आणि बेअरिंगवर येतो. टेप लावून मोजलं : सर्वांत लहान १७२ सेंटिमीटर, सर्वांत मोठा १७६.५. शंभर फेऱ्यांत साडेचार मीटरचा फरक, तो सगळा घासण्यात जातो. हवा कमीजास्त करून एका बाजूचे तिन्ही टायर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आणले. दाब अडीच ते तीन पीएसआयमध्ये बसला.

पेट्रोल पंपावरची हवा या टायरला लावू नका. तिथला काटा इतका कमी दाब दाखवतच नाही. शून्य ते पंधरा पीएसआयचा वेगळा गेज आणि सायकलचा पंप पुरतो.

आणि सिमेंटवर, डांबरावर जागच्या जागी वळवायची नाही. तिथे टायर सरकत नाही, चेन सरकते. वळणं फक्त मातीवर, गवतावर.

१८ जानेवारी

वजनाची चाचणी. सोबत खडू, मोजपट्टी आणि वाळूच्या गोण्या. काठाजवळ कंबरभर पाण्यात गाडी उभी करून टबच्या चारही कोपऱ्यांवर पाणी ते काठ हे अंतर मोजलं. २३० किलोला पुढे २७ सेंटिमीटर, मागे १९. दोन्ही गोण्या मागे होत्या. एक गोणी मदतनिसाच्या पायाशी पुढे घेतली तर पुढे २४, मागे २३. त्याच वजनात मागच्या बाजूला चार सेंटिमीटर मिळाले. आमच्या गाडीत दर शंभर किलोला ती साधारण चार सेंटिमीटर खाली जाते, म्हणजे ते चार सेंटिमीटर मागच्या बाजूसाठी शंभर किलो कमी केल्यासारखे.

टायरचाही तरंगण्यात मोठा वाटा आहे. आमच्या मापाच्या एका टायरमध्ये ४५ ते ५० लिटर हवा, सहांत मिळून २७० ते ३०० लिटर. एक पंक्चर झाला तर तो कोपरा खाली जातो. पाण्यात उतरण्याआधी सहाही टायर हातानं दाबून पाहायचे, हा नियम केला.

टबमधलं पाणी बाहेर टाकणारा बिल्ज पंप मूळचाच, १२ व्होल्टचा, तासाला १९०० लिटरचा. चालू होता. जाळीत पानं अडकली की निरुपयोगी, म्हणून दर उतरण्याआधी जाळी साफ. लाइफ जॅकेट चार, ६,४००. पर्यटकांच्या फेरीत चालकासह तीनच माणसं, गोण्या नाहीत.

२ फेब्रुवारी

पहिला कामाचा आठवडा. खाद्याचं काम उत्तम : पूर्वी डोंग्यानं दोन तास लागत, आता पन्नास मिनिटं, काठापासून गोदामापर्यंतची डोक्यावरची ने-आणही वाचली. पेट्रोल तासाला अडीच लिटरच्या आसपास.

बेशरममध्ये दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. खोड तिरपं तोडलं तर ठुंठाची धार टायरच्या बाजूला घुसते, तिथे रबर सर्वांत पातळ. तोडणाऱ्यांना सपाट आणि पाण्याखाली तोडायला सांगितलं. दुसरं, चाक आणि टबच्या फटीत नायलॉनच्या जुन्या जाळ्याचे तुकडे गुंडाळले जातात. उजव्या मागच्या अ‍ॅक्सलवर बोटभर जाड वेटोळं बसलं होतं आणि त्याची कड सीलच्या ओठात शिरली होती. आता प्रत्येक फेरीनंतर सहाही फटींत टॉर्च मारतो. हायड्रिला ही पाणवनस्पती गुंडाळली तर हातानं निघते, नायलॉन पत्तीनंच कापावं लागतं.

१३ एप्रिल

गाडी रुतली. पाच तास, आठ माणसं.

डिसेंबरात गवताळ काठाला लागलेलं पाणी एप्रिलपर्यंत चोवीस मीटर मागे गेलं होतं. मधला पट्टा गाळाचा, वरून कोरडी पापडी, खाली मांडीभर लोणी. उतरताना गाडी पापडी फोडत उतारानं पाण्यात गेली, काही जाणवलं नाही. परत येताना पुढची चाकं गाळाला लागली, गाळानं वजन पेललं नाही, चाकं खोदत राहिली आणि टबचं पोट गाळावर बसलं. पोट टेकलं की सहा चाकं असोत की आठ, टायरवर भार उरत नाही. चालकानं जोर लावला, गिअरचा पट्टा सरकून जळाला, रबराचा वास आल्यावरच थांबला. पट्टा ९,२०० चा, यायला तीन आठवडे.

दोर बांधून ओढली तीही चुकीच्या बाजूनं. पुढून ओढण्याआधी गाळानं पोटाला धरलेली पकड मोडावी लागते, म्हणजे पोटाखाली हवा किंवा पाणी शिरू द्यावं लागतं. शेवटी दोन्ही बाजूंनी फावड्यानं चर खणून पोटाखाली पाणी येऊ दिलं, तेव्हा ती वीतभर उचलली गेली आणि बांबूच्या ताट्यांवर चढली.

४ मे

दुरुस्ती गाडीची कमी, वाटेची जास्त. काठावर फिरून एक सळई गाळात दाबत गेलो. पाळीच्या दक्षिण टोकाला मुरमाड पट्टा सापडला, तिथे सळई वीतभरच जाते. आता उतरण्या-चढण्याची जागा तीच, पाणी कुठेही असो. खाद्याचं गोदाम तिथून तीनशे मीटर लांब पडतं, चालेल.

गाळ उरतोच तिथे बांबूच्या ताट्या, सहा फुटी, सहा नग, ४,२००. सागाचा खुंट मुरमात तीन फूट गाडला. गाडीच्या पुढच्या बाजूला १२ व्होल्टची विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) बसवली, २५०० पौंडांची म्हणजे ११३४ किलोची, २१,५००. विंचवर लिहिलेली ओढ फक्त ड्रमच्या पहिल्या थरावर मिळते, दोर जितका गुंडाळलेला तितकी कमी. म्हणून लांबचा खुंट चांगला. लोखंडी तारेऐवजी धाग्याचा दोर घेतला, तो गाळात हाताळता येतो आणि तुटला तर चाबकासारखा उसळत नाही. दोर पंधराच मीटर होता, दहा मीटरचा जोडदोर वेगळा ठेवला.

चढण्याची पद्धतही बदलली. काठाला काटकोनात, खालचा गिअर, एकसारखा वेग. तिरपं गेलं की एका बाजूची चाकं आधी टेकतात, गाडी वळते आणि मागचा कोपरा पाण्यात जातो. चढण्याआधी एक गोणी पुढे.

११ मे

पारा ४४ वर. इंजिन टबच्या पेटीत बंद, पाण्यात असताना झाकण उघडता येत नाही. साडेनऊनंतर गाडी गरम होऊन पेट्रोलची वाफ धरू लागली, बंद पडली तर वीस मिनिटं सुरू होत नव्हती. मे महिन्यात काम सकाळी सहा ते नऊ. कुलिंगच्या पंख्याच्या जाळीवर शेवरीचा कापूस आणि धूळ यांचा नमदा बसला होता, तो काढल्यावर बराच फरक पडला. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ झाल्या होत्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणाऱ्या नळ्या टाकल्या. महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करतो.

६ जुलै

पावसात कन्हार जमिनीतून पाळीपर्यंत न्यायचा प्रयत्न केला. दोनशे मीटरांत काळी माती टायर आणि टबच्या फटीत, आणि लागोपाठच्या दोन टायरांच्या मध्ये इतकी ठासली की उजवी बाजू फिरेना. चाकं जवळजवळ असणं पाण्यात फायद्याचं, काळ्या चिखलात तेच अडचणीचं. खुरप्यानं पाऊण तास. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडल्याशिवाय काळ्या रानातून नेत नाही. तेवढं काम ट्रॅक्टरचं.

आजवरचा खर्च : गाडी ४,४०,०००, टेम्पो ६,५००, टब ३,८००, बेअरिंग ११,४००, चेन ७,९००, पट्टा ९,२००, विंच २१,५००, ट्रॉली ६८,०००, ताट्या ४,२००, जॅकेट ६,४००, गेज आणि मरीन ग्रीस मिळून २,७००. एकूण ५,८१,६००, पेट्रोल वेगळं.

आज पुन्हा निवडायची असती तर सहाचाकीच घेतली असती, कारण बेअरिंग, चेन, सील नागपुरात मिळतात आणि टब जोडणारा माणूस तासाभरावर आहे. पण चाचणी एप्रिलच्या शेवटी, पाणी सर्वांत मागे असताना, आमच्याच गाळात घेतली असती, आणि विंच पहिल्या दिवसापासून बसवली असती. ज्यांच्या तलावाला मुरमाड काठच नाही, त्यांनी आठचाकीसाठी थांबावं.

पुढचं काम : तलाव भरायच्या आत दक्षिण टोकाच्या उतारावर मुरूम टाकायची परवानगी ग्रामपंचायत आणि मत्स्य संस्थेकडून घेणं, आणि डाव्या मागच्या चाकाचं आतलं बेअरिंग. काल त्याचं ग्रीस पुन्हा पांढरट दिसलं.